बेसिन मॉडेलमध्ये तापमान जुळत नाहीये? हीट फ्लोला हात लावण्याआधी या चुका टाळा

ऑफशोअर बेसिनचं, म्हणजे समुद्राखाली गाळ साचलेल्या खोऱ्याच्या तापण्याच्या इतिहासाचं, मॉडेल रन केलं आणि विहिरीतलं तापमान जुळलं नाही, की बरेच जण पहिलं काम काय करतात तर हीट फ्लो (पृथ्वीच्या आतून वर येणारी उष्णता) थोडा वर नाहीतर खाली करतात, रेषा पॉइंटवरून जायला लागते आणि कॅलिब्रेशन झालं असं समजून पुढे जातात. इथेच सगळं बिघडतं. हीट फ्लो हा असा आकडा आहे की तो बाकीच्या सगळ्या चुका पोटात घेतो, डेटम (खोली जिथून मोजतो ती पातळी) चुकलं, कंडक्टिव्हिटी (खडक उष्णता किती सहज वाहून नेतो) चुकली, समुद्रतळाचं तापमान चुकलं, काहीही असो, हीट फ्लो फिरवला की आजचं तापमान जुळतंच. पण ४ कोटी वर्षांपूर्वी सोर्स रॉक (ज्यात तेल तयार होतं तो खडक) किती तापला होता याचं उत्तर मात्र साफ चुकतं, आणि मॉडेल तर आपण त्याच उत्तरासाठी बनवतो ना. म्हणून हीट फ्लो सगळ्यात शेवटी.

पहिली गोष्ट खोलीची. लॉगवरची (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीवरची) खोली रिगच्या फ्लोअरपासून आणि विहिरीच्या वाटेने मोजलेली असते, विहीर तिरकी असेल तर ती खरी उभी खोली नसतेच, आणि वर पाण्याचा थर आहे तो वेगळाच. ग्रेडियंट, म्हणजे खोलीबरोबर तापमान वाढण्याचा दर, नेहमी समुद्रतळापासून काढायचा. समजा पाणी १५०० मीटर, पॉइंट समुद्रसपाटीपासून ४५०० मीटर उभ्या खोलीवर, तापमान ९५ अंश आणि समुद्रतळ ४ अंश. मग ३ किलोमीटर गाळात ९१ अंश वाढ, म्हणजे किलोमीटरला साधारण ३० अंश. हेच जमिनीवरच्या सवयीने वर २५ अंश धरून पूर्ण ४५०० मीटरने भागलं तर ग्रेडियंट १५.६ येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा! आणि खोली बरोबर घेऊन फक्त समुद्रतळ २० अंश धरला तरी ग्रेडियंट २५ वर येतो, सरासरी कंडक्टिव्हिटी २ असेल तर हीट फ्लो ६० च्या जागी ५० मिलीवॅट प्रति चौरस मीटर. एका डीफॉल्ट आकड्यामुळे १० चा फरक.

समुद्रतळाचं तापमान भूतकाळातही तेच होतं असं धरू नका. आज खोल समुद्राचा तळ २ ते ४ अंशांवर असतो, पण ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीनच्या सुरुवातीला, खोल समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा जवळपास १० अंशांनी गरम होतं. शिवाय तुमचा बेसिन तेव्हा कदाचित उथळ शेल्फ होता, कदाचित दुसऱ्याच अक्षांशावर होता. पॅलिओ वॉटर डेप्थ (त्या काळची पाण्याची खोली) फोरॅमिनिफेराच्या (सूक्ष्म सागरी जीवांच्या जीवाश्मांच्या) डेटावरून भरा, आजची खोली सरळ मागे ओढत नेऊ नका.

मग बीएचटी (बॉटम होल टेम्परेचर), म्हणजे विहिरीच्या तळाशी मोजलेलं तापमान. ड्रिलिंगचा चिखल फिरत असतो तेव्हा विहिरीचा तळ गार पडतो, आणि लॉगिंग होतं ते चिखल थांबल्यावर काही तासांत, म्हणजे लॉगच्या हेडरवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. एकाच खोलीवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन-तीन मापं असतील तर हॉर्नर प्लॉट करा (चिखल थांबल्यानंतरच्या वेळेवरून खरं तापमान काढायची रीत), त्यासाठी सर्क्युलेशन किती वेळ चाललं आणि थांबून किती वेळ झाला हे दोन्ही लागतं. वेळ नोंदलेली नसेल तर तो आकडा पॉइंट म्हणून वापरू नका, "तापमान निदान एवढं तरी आहे" अशी खालची मर्यादा म्हणून वापरा आणि मॉडेलची रेषा त्याच्या उजवीकडून जाऊ द्या. वेल टेस्टमध्ये फ्लुइडबरोबर आलेलं तापमान असेल तर त्याला जास्त वजन द्या.

कंडक्टिव्हिटीत एक गोंधळ सारखा दिसतो, तो म्हणजे मॅट्रिक्सचा (फक्त खडकाच्या घन कणांचा) आकडा आणि पाण्यासकट अख्ख्या खडकाचा आकडा यांची सरमिसळ. सॅंडस्टोनचं मॅट्रिक्स ४ वॅट प्रति मीटर केल्विन असेल आणि पोरॉसिटी (छिद्रांचं प्रमाण) ३० टक्के, तर पाण्याचे ०.६ धरून जिओमेट्रिक मीन काढल्यावर २.२६ येतात. आता एखाद्याने लॅबमधल्या ओल्या कोअरचा आकडा मॅट्रिक्सच्या कॉलममध्ये टाकला की सॉफ्टवेअर पोरॉसिटीचं करेक्शन पुन्हा एकदा लावतं, खडक उगाच इन्सुलेटर होतो आणि खालचा सगळा भाग जास्त गरम दिसतो. कोळशाचे थर विसरू नका, त्यांची कंडक्टिव्हिटी ०.३ च्या आसपास असते, त्यामुळे पातळ थरही तापमानात छोटी पायरी दाखवतो. ओव्हरप्रेशर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब नेहमीपेक्षा जास्त) असलेल्या शेलमध्ये (चिकणमातीच्या खडकात) पोरॉसिटी टिकून राहते आणि तिथेही ग्रेडियंट वाढतो, तिथे नॉर्मल कॉम्पॅक्शन कर्व्ह (खोलीबरोबर खडक दबून पोरॉसिटी कमी होण्याची रेषा) लावला तर तुम्हाला वाटणार हीट फ्लो कमी पडतोय.

कॉम्पॅक्शनचंच पुढे. आज १००० मीटर जाड दिसणारा शेल साचला तेव्हा १००० मीटर नव्हता. स्क्लेटर आणि क्रिस्टी यांनी १९८० मध्ये नॉर्थ सीसाठी दिलेले शेलचे आकडे, म्हणजे सुरुवातीची पोरॉसिटी ०.६३ आणि कोइफिशियंट किलोमीटरला ०.५१, हे वापरून ३ ते ४ किलोमीटर खोलीवरचा १००० मीटर शेल वर आणून उलगडला तर त्याची जाडी साधारण १५७० मीटर भरते. डीकॉम्पॅक्शन, म्हणजे असं उलगडणं, न करता बरियल कर्व्ह (थर काळाबरोबर किती खोल गाडला गेला ती रेषा) काढला तर जुन्या काळातला गाडला जाण्याचा वेग दीडपटीने कमी दिसतो. पण हे आकडे नॉर्थ सीचे आहेत, तुमच्या बेसिनमध्ये डेन्सिटी आणि सॉनिक लॉगवरून स्वतःचा कर्व्ह बसवा, लिथॉलॉजीही "शेल" आणि "सॅंड" एवढ्यावर सोडू नका, मिश्रणाची टक्केवारी भरा.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, हिच्यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे. अनकन्फॉर्मिटी (थरांमधला खंड, जिथे मधला काही काळ गायब आहे) दिसते पण तिथे किती थर वाहून गेला हे शून्य ठेवलं जातं. मग काय होतं, आजचं तापमान जुळतं पण व्हिट्रिनाइटचा आरओ (खडकातल्या या सेंद्रिय कणांची चकाकी, जी तापण्याबरोबर वाढते) मॉडेलपेक्षा जास्त निघतो, आणि मग भूतकाळात एक हीट फ्लोचा उंचवटा टाकून तो जुळवला जातो. बॅरेंट्स सी हे याचं ठळक उदाहरण आहे, तिथे सीनोझोइकमध्ये (गेल्या साधारण ६.६ कोटी वर्षांत) कित्येक ठिकाणी १ ते २ किलोमीटर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त थर खरवडून गेलाय, त्यामुळे खडक आज आहेत त्यापेक्षा खूप खोल आणि गरम राहून आलेत. बीएचटीला फक्त आजचं माहीत असतं, आरओ सगळ्यात जास्त तापलेल्या काळाची आठवण ठेवतो, म्हणून आधी बीएचटीवरून आजची स्थिती पक्की करा आणि मगच आरओकडे या.

दोन शक्यतांमधला फरक आरओच्या एका पॉइंटवरून कळत नाही, प्रोफाइलच्या उतारावरून कळतो. हीट फ्लो जास्त होता तर आरओ खोलीबरोबर भराभर वाढतो. वरचा थर गेला असेल तर उतार साधारण तोच राहतो पण अख्खी रेषा सरकलेली असते, समुद्रतळापर्यंत वाढवली तर ०.२ च्या आसपास न येता बरीच पुढे लागते. पण एक पेच आहे, इरोजननंतर (वरचा थर झिजून गेल्यानंतर) पुन्हा भरपूर गाळ साचून खडक आधीपेक्षा जास्त तापले असतील तर ही खूण पुसली जाते, मग अनकन्फॉर्मिटीवर आरओची पायरी दिसली नाही म्हणून इरोजन नव्हतं असं म्हणता येत नाही. अशा वेळी दुसरा पुरावा लागतो, शेलचा सॉनिक वेग, किंवा ॲपटाइट फिशन ट्रॅक (ॲपटाइट खनिजातल्या किरणोत्सारी विखंडनाच्या खुणा), जो साधारण ६० ते ११० अंशांच्या पट्ट्यात काम करतो आणि खडक कधी गार व्हायला लागला हेही सांगतो. दोन्ही चित्रांमध्ये आजचा आरओ सारखाच येऊ शकतो पण तेल कधी तयार झालं ते कोट्यवधी वर्षांनी बदलतं, आणि ट्रॅप (तेल अडकून राहतं ती रचना) त्याआधी बनला की नंतर यावर तर सगळं अवलंबून आहे.

आरओचा डेटाही डोळे झाकून घेऊ नका. कटिंग्जमध्ये (ड्रिलिंगमधून वर आलेल्या खडकाच्या तुकड्यांत) वरून ढासळलेला माल असेल तर आकडा कमी येतो, जुन्या खडकातून पुन्हा वाहून आलेले कण असतील तर जास्त येतो, त्यामुळे सरासरी नको, हिस्टोग्राम मागवा. हायड्रोजनने श्रीमंत असलेल्या सोर्स रॉकमध्येच आरओ दबलेला येतो, तेव्हा वर-खालच्या साध्या शेलचे आकडे वापरा. आणि मॉडेलमध्ये सोर्स रॉकचा ३०० मीटरचा थर एकाच सेलमध्ये ठेवला असेल तर त्याच्या माथ्याची आणि तळाची मॅच्युरिटी (खडक तापून किती पिकला ते) एकच दिसणार, सेल बारीक करा.

झपाट्याने गाळ साचलेल्या बेसिनमध्ये स्टेडी स्टेट (तापमान काळाबरोबर बदलत नाही असं धरणारं गणित) चालवू नका. उकळत्या पातेल्यात गार पाणी ओतत राहावं तसं होतं, खालची उष्णता वर पोचायच्या आत नवा गार थर येऊन पडतो. साउथ कॅस्पियनमध्ये ग्रेडियंट किलोमीटरला २० अंशांच्याही खाली जातो त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि ऑइल विंडो (तेल तयार होतं तो खोलीचा पट्टा) तिथे खूप खोल सरकते. ट्रान्झिएंट सोल्यूशन (काळाबरोबर बदलणारं तापमान काढणारं) चालू आहे ना ते सेटिंगमध्ये जाऊन बघा.

मिठाच्या डोमजवळ १डी (फक्त उभ्या दिशेचं) मॉडेल चालतच नाही. मिठाची कंडक्टिव्हिटी शेलच्या तिप्पट, त्यामुळे डोमच्या वर गरम आणि मिठाच्या खाली गार, दोन शेजारच्या विहिरींना दोन वेगळे हीट फ्लो द्यावे लागतायत असं दिसलं की आधी सेक्शनमध्ये मीठ शोधा. सिल (थरांमध्ये घुसून थिजलेल्या मॅग्माचा आडवा थर) असेल तर तिच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरातला आरओ कॅलिब्रेशनमधून काढून टाका.

एवढं सगळं झाल्यावर हीट फ्लोकडे या, आणि तोही मनाने नको. मॅकेन्झीच्या १९७८ च्या मॉडेलमध्ये बीटा (क्रस्ट किती पट ताणला गेला) २ असेल तर रिफ्टच्या (क्रस्ट ताणला जाण्याच्या) शेवटी खालून येणारी उष्णता साधारण दुप्पट होते आणि पुढे ६ कोटी वर्षांच्या टाइम कॉन्स्टंटने उतरत जाते, पण ताणल्यामुळे क्रस्टही अर्धा होतो आणि त्यातली रेडिओजेनिक (किरणोत्सारी मूलद्रव्यांची) उष्णताही अर्धी, आणि रिफ्टचा उंचवटा टाकताना क्रस्टचा हा वाटा कमी करायचा बऱ्याचदा राहून जातो. उलट गाळाची स्वतःची उष्णता राहते, शेलला १.२ मायक्रोवॅट प्रति घनमीटर धरले तर ५ किलोमीटरमधून ६ मिलीवॅट येतात, ते तळाच्या हीट फ्लोमध्ये परत मोजू नका. शेवटी एकच रेषा देऊ नका, इरोजन आणि बीटाच्या पटणाऱ्या किमान आणि कमाल किमती घेऊन रन करा आणि सोर्स रॉक आरओ ०.६ ला कधी पोचला त्या तारखेची रेंज रिपोर्टमध्ये लिहा.