'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची डिस्क घेण्यापूर्वी काय तपासावे

सर्जिओ लिओने यांचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा चित्रपट डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला आणि वर्षभराने अमेरिकेत पोहोचला, तेव्हा त्याची लांबी बरीच कमी झालेली होती. घरी पाहण्यासाठी या चित्रपटाची डिस्क घेऊ पाहणाऱ्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या काटछाटीत आहे. त्यामुळे खोक्यावर 'फोर-के' (सर्वाधिक बारकाव्यांच्या चित्राची खूण) लिहिले आहे की नाही, हे पाहण्याआधी आतला चित्रपट किती मिनिटांचा आहे, हे पाहावे.

अमेरिकेत दाखवलेली आणि पुढे जगभर परिचित झालेली आवृत्ती सुमारे १६१ मिनिटांची आहे. एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीने १९९८ साली डीव्हीडी काढली, तेव्हा अमेरिकेत कापलेले सुमारे १४ मिनिटांचे प्रसंग पुरवणी म्हणून वेगळे दिले होते. २००२ च्या सुमारास हे प्रसंग आणि आणखी काही भाग मूळ चित्रपटात पुन्हा बसवण्यात आले आणि १७९ मिनिटांची विस्तारित आवृत्ती तयार झाली, जी २००४ साली दोन डिस्कच्या डीव्हीडीवर आली. या प्रसंगांचा इंग्रजी आवाज कधी तयारच झाला नसल्यामुळे क्लिंट ईस्टवुड आणि टुकोचे काम करणारे एलाय वॉलक यांनी पस्तीसहून अधिक वर्षांनी आपलेच संवाद पुन्हा म्हटले. एंजल आइज हा खलनायक साकारणारे ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच निवर्तले होते, म्हणून त्यांच्या जागी सायमन प्रेस्कॉट यांचा आवाज वापरला गेला. तरुण टुकोच्या तोंडून अचानक म्हाताऱ्या माणसाचा आवाज येऊ लागला, तर तो दोष तुमच्या स्पीकरचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

विस्तारित आवृत्तीची उपयुक्तता मात्र नाकारता येत नाही. एंजल आइज हा युद्धकैद्यांच्या छावणीत नेमका कसा येऊन बसला, हे १६१ मिनिटांच्या आवृत्तीत कळत नाही आणि परत आलेल्या एका प्रसंगामुळे ते उलगडते. गुहेत जाऊन टुको आपले जुने साथीदार गोळा करतो, त्या प्रसंगाबद्दल मात्र समीक्षक रिचर्ड शिकेल यांनी नोंदवले आहे की, गती मंदावते म्हणून लिओने यांनी तो स्वखुशीने काढला होता आणि इटलीतल्या पहिल्या खेळानंतर तो दाखवलाही गेला नव्हता. दिग्दर्शकाने टाकून दिलेले उचलून परत चित्रपटात घालणे मला पटत नाही. म्हणून प्रथमच पाहणाऱ्याने १६१ मिनिटांची आवृत्ती घ्यावी आणि चित्रपट आवडल्यास मग विस्तारित आवृत्तीकडे वळावे, असे माझे मत आहे.

मिनिटे मोजताना एक सापळा असतो. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या अनेक डीव्हीडी 'पाल' या टीव्ही-प्रसारणाच्या पद्धतीच्या असतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पण पाल डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे १७९ मिनिटांचा चित्रपट सुमारे १७२ मिनिटांत आणि १६१ मिनिटांचा सुमारे १५५ मिनिटांत संपतो. प्रत्यक्षात काहीही कापलेले नसते. वेग वाढल्यामुळे एन्यो मोरिकोने यांचे संगीत मात्र किंचित वरच्या सुरात ऐकू येते, आणि ज्याच्या कानात मूळ सूर बसला आहे, त्याला ते खटकते. ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या अधिक स्पष्ट चित्राच्या डिस्कवर, चित्रपट सहसा २४ चौकटींनीच धावतो.

यानंतर ध्वनीकडे वळावे. २००४ च्या डीव्हीडीवर ध्वनीचे नवे बहुवाहिनी, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचे (५.१), मिश्रण होते आणि त्यात अनेक आवाज नव्याने घातलेले होते. पिस्तुलांचे मूळ बारसुद्धा बदलले गेले आणि जुना इंग्रजी मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी निवडण्याची सोय ठेवलेली नव्हती. या चित्रपटातला पिस्तुलाचा तो कोरडा, फटाक्यासारखा आवाज हा संगीताइतकाच त्याचा भाग आहे. तेव्हा डिस्कच्या तपशिलात इंग्रजी मोनो ध्वनी स्पष्ट नोंदवलेला असेल, तरच ती घ्यावी, आणि घरी पाहताना मेनूत जाऊन तोच निवडावा, कारण प्लेअर बहुधा आपणहून ५.१ सुरू करतो. ओठ आणि संवाद जुळत नाहीत, अशी तक्रार मात्र कोणत्याही डिस्कविरुद्ध करू नये. चित्रीकरणाच्या वेळी कलाकार आपापल्या भाषांत बोलत होते आणि त्या काळच्या इटालियन रिवाजाप्रमाणे सगळे संवाद नंतर ध्वनिमुद्रित झाले.

चित्राच्या बाबतीत थोडे तांत्रिक समजून घेणे फायद्याचे आहे. हा चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला. त्यात एका चौकटीसाठी फिल्मची चारऐवजी दोनच छिद्रे वापरली जातात, त्यामुळे फिल्म निम्मी लागते, पण चौकटही निम्म्या उंचीची होते आणि पडद्यावर मोठी करताना फिल्मचे दाणे ठळक दिसतात. हे दाणे म्हणजे घाण नव्हे. ते संगणकाने पुसून टाकले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, घाम आणि धूळही पुसली जाते आणि माणसे मेणाची वाटू लागतात. मे २००९ ची ब्लू-रे विस्तारित आवृत्तीचीच होती. २०१४ मध्ये नव्या फोर-के स्कॅनवरून काढलेल्या ब्लू-रेमध्ये बारकावे सुधारले, पण सगळ्या चित्रावर पिवळसर झाक आली. किनो लॉर्बर या अमेरिकी डिस्क-कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये दोन्ही आवृत्त्या एकत्र देऊन ही झाक कमी करण्याचा प्रयत्न केला आणि २०२१ मध्ये १६१ मिनिटांची आवृत्ती फोर-के डिस्कवर आणली. पिवळेपणा ओळखायचा असेल, तर वाळवंटातल्या प्रसंगांमधले आकाश पाहावे. ते निळे न दिसता हिरवट दिसू लागले, तर रंग बिघडलेला आहे, असे खुशाल समजावे.

भारतात राहणाऱ्याने पैसे भरण्याआधी प्रदेश-संकेत, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते याची खूण, तपासणे अत्यावश्यक आहे. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या प्रदेशात येतो आणि ब्लू-रेसाठी 'सी' प्रदेशात. अमेरिकेतील किनो लॉर्बरच्या ब्लू-रे 'ए' प्रदेशाच्या असतात, म्हणून इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. मी स्वतः हा धडा सीमाशुल्क भरून झाल्यावर शिकलो. फोर-के डिस्कला व्यवहारात प्रदेशाचे बंधन नसते, पण ती फोर-के प्लेअरवरच चालते आणि त्याच खोक्यातल्या ब्लू-रे डिस्कला बंधन असू शकते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी नातेवाइकाकडून डिस्क मागवताना हा फरक त्यांना आधी समजावून सांगावा, कारण तिथे त्यांच्या प्लेअरवर ती बिनतक्रार चालते आणि दोष पुण्यात आल्यावरच कळतो.

टीव्हीची मांडणीही जुळवावी लागते. मूळ चौकट २.३५ : १ या प्रमाणाची असल्याने आजच्या टीव्हीवर चित्र उंचीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग व्यापते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. त्या घालवण्यासाठी 'झूम' वापरू नये. जुन्या काळी चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या कॅसेटींत रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जात असे, आणि दफनभूमीतल्या शेवटच्या त्रिकोणी द्वंद्वात दोन टोकांना उभी असलेली माणसे एका वेळी दिसतच नसत. हालचाल गुळगुळीत करणारी सोय टीव्हीत आपोआप चालू असते, ती बंद करावी.

वापरलेली डिस्क घेतली असेल, तर केवळ सुरुवातीची दहा मिनिटे पाहून विक्रेत्याला होकार कळवू नये. एवढा लांब चित्रपट सहसा दोन थरांच्या डिस्कवर असतो. पहिला थर आतून बाहेरच्या कडेकडे वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत, म्हणून कडेवरचे ओरखडे आणि बोटांचे डाग चित्रपटाच्या शेवटी नव्हे, तर साधारण मधल्या भागात अडथळा आणतात. तेव्हा छावणीतले प्रसंग पुढे न ढकलता सलग चालवून पाहावेत.