गोव्याहून आंबोलीला भेक पाहायला जाताना

पाऊस सुरू झाला की गोव्यातून आंबोलीचा घाट चढणारे बहुतेक जण धबधब्यासाठी जातात. ज्यांना ‘आंबोली भेक’ (एक लहान बेडूक) पाहायचा आहे, त्यांनी धबधबा मागे टाकून ढगांत बुडालेल्या जांभ्याच्या सड्याकडे, म्हणजे सपाट खडकाळ पठाराकडे वळावे; मात्र तयारी घरूनच करून निघावे.

पहिली तयारी बुटांची. बेडकांच्या त्वचेला ग्रासणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभर अनेक जाती नष्ट केल्या आहेत आणि ती ओल्या चिखलातून पसरते. आदल्या रात्री चोर्ला किंवा मोलेच्या ओहळांत फिरलेले बूट तसेच सड्यावर नेऊ नयेत. ब्रशने चिखल काढून, साबणाने धुऊन ते पूर्ण वाळवावेत. जूनमध्ये काही वाळत नाही हे आपण सगळेच जाणतो, म्हणून आंबोलीसाठी वेगळा जोड ठेवणे उत्तम.

२००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा भेक अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या शास्त्रीय नावातले ‘टायगेरिना’ हे पद अंगावरच्या वाघासारख्या खुणांवरून आले आहे. तो लहान असतो, त्यामुळे नजर दगडाच्या रंगाला सरावेपर्यंत एका जागी थांबावे.

सर्वांत जास्त जपायचे ते डबक्याला. खडकाच्या खळग्यात साचलेल्या उथळ पाण्यात हा भेक अंडी घालतो. पायाला ते पाणी नुसते ओलेपण वाटते, पण पिलांचे सारे बालपण त्यातच जाते. म्हणून प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी विजेरीचा झोत जमिनीवर धरावा, पाणी दिसताच वळसा घ्यावा, त्यात हात-पाय धुऊ नयेत. दगड उलटू नयेत. डासांचे मलम लावलेल्या हाताने कोणत्याही बेडकाला स्पर्श करू नये. खरे तर मुळीच करू नये. कोस्टा रिकाच्या मॉन्टेव्हेर्दे येथील मेघवनातला सोनेरी भेकही अशाच तात्पुरत्या डबक्यांत प्रजनन करत असे, आणि १९८९ नंतर तो कुणालाही दिसलेला नाही.

वनक्षेत्रात रात्री शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. घाटातून परतताना गाडी अगदी सावकाश चालवावी, कारण पावसाळी रात्री भेक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली चिरडून मरतात. छायाचित्र इतरांना पाठवण्यापूर्वी त्यातली जागेची नोंद पुसून टाकावी.