जुना वाडा विकत घ्यायचाय? आधी सह्या मोजा, खांब नंतर

"गावाकडे दोन चौकी वाडा विकणे आहे, मागे विहीर, चार एकर मळा, जुनी आंब्याची झाडं, क्लिअर टायटल, फक्त जेन्युइन पार्टीने फोन करावा." असा मेसेज आला की आपण काय करतो, फोटो झूम करून करून बघतो, मग रविवारी गाडी काढून जातो, ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून चहा पितो आणि तिथेच निम्मे विकले जातो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की वाडा बघायला जायच्या आधी त्या घराची वंशावळ मागून घ्या. साध्या कागदावर लिहिलेली चालेल, पण ज्याने वाडा बांधला त्याच्यापासून आजच्या नातवंडांपर्यंत सगळी नावं पाहिजेत, लेकींची सुद्धा.

कारण असं की वाडा बांधला एका माणसाने आणि आज मालक असतात पंधरा-वीस. त्यातले निम्मे पुण्या-मुंबईत, कोणी परदेशात, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कागदावर मात्र अजून पणजोबांचंच नाव. वारसनोंदच झालेली नसते. हिंदू एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट करून टाकलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. त्यामुळे "आत्या काही मागायच्या नाहीत हो" हे वाक्य ऐकलं की गोड हसायचं आणि आत्यांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र मागायचं. ते नसेल तर खरेदीखतावर आत्यांची सही. तिसरा पर्याय नाही. परदेशातल्या माणसाच्या वतीने कोणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार नीट लिहिलाय का ते वकिलाकडून वाचून घ्या, आणि ज्याने ते दिलं तो माणूस आज हयात आहे ना हेही विचारा, विचारायला ऑकवर्ड वाटतं पण विचारा.

आणि हो, "धाकट्या काकांचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही आमचा हिस्सा घ्या" याला तर अजिबात भुलू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ आहे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला बाकीच्यांबरोबर सामायिक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे मोजून तुम्ही वाड्याच्या बाहेरच. पुढे वाटपाचा दावा लावायचा, आणि तिथे १८९३ चा वाटप कायदा कुटुंबातल्या हिस्सेदाराला मुभा देतो की कोर्ट ठरवेल ती किंमत देऊन तुमचाच हिस्सा त्याने विकत घ्यावा. एवढं सगळं करायला वकिलाची फी तुमची.

सह्यांचा हिशोब लागला की मग जमीन. इथे लोक फार गोंधळतात कारण जाहिरातीत "वाडा आणि मळा" एकत्र असतं पण कागदावर त्या दोन वेगळ्या चीजा आहेत. वाडा बहुतेक वेळा गावठाणात, त्याचा कागद म्हणजे सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८. हा नमुना ८ म्हणजे घरपट्टीसाठी ठेवलेली नोंद, तो मालकीचा पुरावा नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, एजंट तोच फडकवतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून बऱ्याच गावांत प्रॉपर्टी कार्डं झालीत, तर या गावात झालंय का ते भूमी अभिलेख ऑफिसात विचारा. मळ्याचा कागद मात्र सातबारा. आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही (१९४८ चा कूळ कायदा, कलम ६३), म्हणजे तुमच्या नावावर कुठेच शेती नसेल तर वाडा तुमचा होईल आणि मळा त्यांचाच राहील, मग वाड्याची किंमत तुम्ही मळ्यासकट का देताय?

सातबाऱ्यावर दोन जागा नीट वाचायच्या. एक, भोगवटादार वर्ग. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे यांच्या वाड्यामागची जमीन पुष्कळदा जुन्या वतनाची असते, वतनं कायद्याने गेली तरी काही जमिनी वर्ग २ म्हणून राहिल्या, त्या सरकारी परवानगी आणि नजराण्याशिवाय (म्हणजे सरकारला भरायची रक्कम) विकता येत नाहीत. देवस्थान इनाम, म्हणजे देवळाला दिलेली जमीन, असेल तर नमस्कार करून परत फिरा. दुसरी जागा म्हणजे इतर हक्क. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, "विहिरीत चौथा हिस्सा" असल्या ओळी तिथे बारीक अक्षरात बसलेल्या असतात. चालू सातबाऱ्यावर समाधान मानू नका, निदान तीस वर्षांचे फेरफार (नाव-हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा, सब रजिस्ट्रारकडे जुन्या दस्तांचा सर्च घ्या, आणि पेपरात जाहीर नोटीस द्या, कारण जो चुलतभाऊ वंशावळीतून "चुकून" राहिला असतो तो नोटिशीनंतर बरोबर उगवतो.

मोजणी तर कराच. कुंपण दाखवतील ते आणि नकाशातली हद्द ते, यात दहा गुंठ्यांचा फरक आरामात निघतो. मोजणीच्या दिवशी शेजारचे खातेदार हजर असले तर तिथल्या तिथे कळतं की बांधावरून भांडण आहे की नाही.

आवाराच्या बाबतीत एक गोष्ट कागदावर कधीच सापडत नाही, ती म्हणजे गावाची वहिवाट. शाळेची पोरं परसातून शॉर्टकट मारतात का, आडावर चार घरं पाणी भरतात का, जत्रेत ग्रामदैवताची पालखी वाड्याच्या दारात थांबते का आणि तिला ओवाळायचा मान कोणाचा, आवारात एखादी समाधी किंवा म्हसोबा आहे का. वीस वर्षं बिनहरकत चाललेल्या वाटेवर कायद्याने हक्क तयार होऊ शकतो, तेव्हा घेतल्यावर गेट लावू या भ्रमात राहू नका. पालखीचं तर मी म्हणेन आनंदाने चालू ठेवा, गावात राहायचं असेल तर. विकणाऱ्या घराला वर्षातून एकदा कुळाचाराला वाड्यातल्या देवघरात यायचं असतं, तेही आधीच मोकळं बोलून घ्या. झाडांचंही तसंच, स्वतःच्या जमिनीतला असला तरी आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा कायदा आहे.

आता वाडा. पावसाळ्यात बघा, जमलं तर श्रावणात, पाऊस चालू असताना. उन्हाळ्यात सगळेच वाडे छान दिसतात. आधी कधी वाडा नीट बघितला नसेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून या, चौक, सोपे, लाकडी खांब-तुळया यांची रचना डोळ्यात बसते आणि मग मोडक्या वाड्यात काय गायब आहे ते कळायला लागतं.

आत गेल्यावर रंगाकडे, नक्षीकडे बघू नका. खांब आणि तुळई जिथे भिंतीत शिरते ती जागा बघा. वाड्याचं वजन बरंचसं सागवानी सांगाड्यावर असतं, खांब दगडी तळखड्यावर उभा असतो म्हणून खालून तो सहसा टिकतो, पण वरून गळणारं पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं भिंतीतलं टोक आतल्या आत कुजतं, बाहेरून तुळई ठणठणीत. बोटाच्या पेराने ठोकत जा, चांगला साग खणखणीत वाजतो आणि पोकळ झालेला बद्द वाजतो, आवाज बदलला तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, शिरलं की समजा तो खण (दोन तुळयांमधला भाग) उतरवावा लागणार. मातीची बारीक नळी भिंतीवरून लाकडाकडे गेलेली दिसली तर ती वाळवी, एका जागी दिसली म्हणजे चार जागी आहे. भिंतीला पोट आलंय का ते बाजूने डोळा लावून बघा. जुन्या जाड भिंतीला आतून-बाहेरून दोन पदर आणि मध्ये भर असते, पाणी शिरलं की पदर सुटतात. तडा दिसला तर त्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख टाका, बोलणी चालू असतानाच ती तुटली तर तडा जिवंत आहे.

माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असेल तर त्यावर स्वतः चढा. दरवर्षी पावसाच्या तोंडावर माती घालून धोपटायची कटकट नको म्हणून कोणीतरी वरून सिमेंटचा कोबा ओतलेला असतो, म्हणजे मूळ मातीचं वजन आहेच, वर कोब्याचं. खाली तुळया वाकलेल्या दिसतील. भिंतीला सिमेंट प्लास्टर मारलं असेल तरी तेच दुखणं, चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर फुगून गळून पडतं. चुन्याचं काम येणारा गवंडी आणि जुन्या लाकडाचा सुतार आधी शोधून ठेवा, आर्किटेक्ट नंतर सापडतो. वायरिंग तर पूर्ण नवीन, यात काटकसर नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तेव्हा तट आणि जोती राहिली, वरचं लाकूडकाम सगळं संपलं. तुमच्या वाड्यातही तेच लाकूड आहे.

जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे का ते बघा, एखादं जुनं देऊळ, लेणी, किल्ला. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही, तिथे कॉटेज बांधून होमस्टे काढायचा प्लॅन असेल तर आत्ताच विसरा. वाड्यात जुना भाडेकरू असेल, पुढच्या खोलीत पोस्ट नाहीतर किराणा दुकान, तर खोली रिकामी करून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि रिकामी झाल्याशिवाय शेवटचा चेक नाही.

विसार देताना साठेखत (पुढे विकण्याचा करार) रजिस्टर करा आणि त्याला एक यादी जोडा फोटोंसकट: किती खांब, कुठले दरवाजे, दिंडी दरवाजा, झोपाळ्याच्या पितळी कड्या, देवघराची चौकट, हंड्या, जातं सुद्धा. हे ओव्हर वाटेल पण नक्षीच्या खांबाला अँटिकवाल्यांकडे चांगला भाव येतो, आणि साठेखत ते खरेदीखत या मधल्या महिन्यांत वाडा हळूहळू हलका होत जातो. कोणी कानात गुप्तधनाचं सांगून भाव चढवत असेल तर त्याला १८७८ चा कायदा सांगा, जमिनीत दहा रुपयांवर किमतीचा ठेवा सापडला तरी कलेक्टरला कळवावं लागतं. भाव ठरवताना दुरुस्तीचा अंदाज सुताराकडून घ्या, त्यात त्याचा निम्मा मिळवा, आणि ती रक्कम समोर ठेवून बोला.

खरेदीखत झालं की लोक पेढे वाटून घरी जातात. त्याच आठवड्यात तलाठ्याकडे (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी) फेरफाराचं बघा, प्रॉपर्टी कार्डाला नाव लावायचा अर्ज वेगळा, ग्रामपंचायतीत नमुना ८ वेगळा, विजेचा मीटर वेगळा. फेरफारावर हरकतीला पंधरा दिवस असतात, तोवर वाड्यात हातोडा चालवू नका. नंतर पहिलं काम छपराचं, मेच्या आत. चौकातल्या फरश्या आणि बाथरूमच्या टाइल्स पुढच्या वर्षी बघू.