पहिलं फायरआर्म सर्टिफिकेट आलं? अटी वाचताना या चुका टाळा

इकडे इंग्लंडात खेड्यात येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी दोघातिघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला, फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे रायफल बाळगायचा पोलिसांचा परवाना, तर आलं पण त्यावर जे लिहिलंय त्याचा नक्की अर्थ काय. मी लिंकनशरमध्ये राहतो, दोन एकरात भाजी लावतो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या केलमध्ये (कोबीसारखी पालेभाजी) सशांचा बंदोबस्त करायला जातो. गावाकडे रानडुकरांनी एका रात्रीत मका लोळवलेला बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे पीक वाचवायचं म्हणजे काय ते कळतं. इकडे तर ससे आवरणं ही जमीन कसणाऱ्याची कायदेशीर जबाबदारीच आहे, १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली जवळजवळ अख्खं इंग्लंड आणि वेल्स रॅबिट क्लिअरन्स एरिया आहे. पण कारण चांगलं आहे म्हणून अटीत सूट मिळत नाही. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये सर्टिफिकेटवरची अट मोडणं हाच एक वेगळा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्यासाठी कुणाला इजा व्हायला लागत नाही.

आधी एक घोळ मिटवू. हे सगळं रायफलबद्दल आणि बारा फूट-पाउंडच्या (गोळीच्या जोराचं माप) वरच्या एअर रायफलबद्दल आहे. शॉटगनचं सर्टिफिकेट वेगळं असतं आणि त्याचे नियमही वेगळे. स्कॉटलंडमध्ये तर ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअरगनलाही सर्टिफिकेट लागतं, तिकडे शिफ्ट होत असाल तर जुनी एअर रायफल डिकीत टाकून तशीच नेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक: अटीचं वाक्य न वाचणं

पोस्टानं लिफाफा आला की माणूस काय बघतो, स्वतःचं नाव, फोटो आणि कुठल्या कॅलिबरची (नळीच्या आतल्या व्यासाची, .२२, .२४३ वगैरे) परवानगी मिळाली. मग थेट दुकान. मीही तेच केलं. अटींचा भाग बारीक अक्षरात असतो आणि पेस्ट कंट्रोलसाठीची, म्हणजे पिकाची नासाडी करणारे प्राणी मारण्याची, अट हे एकच लांबलचक वाक्य असतं. त्याचा मतलब साधारण असा: ही अमुक कॅलिबरची रायफल आणि तिच्या गोळ्या वर्मिन (उपद्रवी प्राणी), ग्राउंड गेम आणि इतर कायदेशीर सावज मारायला आणि रेंजवर झिरो करायला (दुर्बिणीचा नेम जुळवायला) वापरायच्या, त्याही अशा जमिनीवर जी त्या भागाच्या पोलीस प्रमुखांनी योग्य ठरवलीय आणि जिथे तुम्हाला शूटिंगचा कायदेशीर हक्क आहे.

आता पेन घ्या आणि यातला एकेक शब्द वेगळा करा. कुठली बंदूक, कुठलं सावज, कशासाठी, कुठली जमीन, कुणाच्या हक्कानं. ही पाच कुंपणं आहेत आणि पाचही एकाच वेळी लागू आहेत. लोक त्यातली दोन वाचतात आणि तीन विसरतात.

"कुठली बंदूक" हे सोपं वाटतं पण तुमच्याकडे .२२ आणि .२४३ अशा दोन रायफली असतील तर दोन्हींच्या अटी वेगवेगळ्या असू शकतात, एकीवर ससे आणि दुसरीवर कोल्हा, हरीण असं. एका बंदुकीची अट दुसरीला लागू होते असं धरून चालू नका.

"कुठलं सावज" इथे जास्त गोंधळ होतो. ग्राउंड गेम म्हणजे ससे आणि त्यांचे मोठे भाऊ हेअर. कोल्हा वर्मिनमध्ये येतो की नाही ते तुमच्या वाक्यात काय लिहिलंय त्यावर आहे, "वर्मिन, कोल्ह्यासह" असं स्पष्ट असतं किंवा मग "इतर कायदेशीर सावज" हे शब्द असतात. हे दोन्ही नसेल तर कोंबड्यांच्या खुराड्याजवळ कोल्हा समोर उभा असला तरी रायफल खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या लायसन्सिंग ऑफिसला फोन करा. आणि "इतर कायदेशीर सावज" हे शब्द मिळाले म्हणजे सगळं रान मोकळं असंही नाही, त्यात जोर "कायदेशीर" वर आहे. .२२ रिमफायरनं (सशांसाठीची लहान, कमी जोराची गोळी) हरीण मारणं कधीच कायदेशीर होत नाही कारण १९९१ च्या डिअर ॲक्टनं इंग्लंड-वेल्समध्ये हरणासाठी कमीत कमी .२४० कॅलिबर आणि १७०० फूट-पाउंड एनर्जी ठरवलीय, फक्त मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या छोट्या जातींना .२२० आणि १००० चालतं. बॅजरला (बिळात राहणारा काळ्यापांढऱ्या तोंडाचा प्राणी) १९९२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात नुसते चमकणारे डोळे दिसले म्हणून ट्रिगर दाबणं ही अक्षम्य चूक आहे, अंग पूर्ण दिसून ओळख पटल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाऊच नये.

पक्ष्यांचं अजून वेगळं. इकडे सगळे रानपक्षी १९८१ च्या कायद्यानं संरक्षित आहेत, कावळा आणि पारवासुद्धा. पिकाचं मोठं नुकसान टाळायला इंग्लंडमध्ये जीएल४२ नावाचं जनरल लायसन्स असतं, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही पण त्याच्या अटी वाचून पाळाव्याच लागतात. एप्रिल २०१९ मध्ये तेव्हाची जनरल लायसन्सं एका कोर्ट-आव्हानामुळे अचानक रद्द झाली होती आणि शेतकरी रातोरात अडचणीत आले होते. म्हणून मागच्या वर्षी चालत होतं म्हणून याही वर्षी चालेल असं समजू नका, दर वर्षी ताजं काढून वाचायचं.

जमिनीचा घोळ

नव्या माणसाच्या वाक्यात "पोलीस प्रमुखांनी योग्य ठरवलेली जमीन" हे शब्द बहुतेक वेळा असतात, त्याला इकडे क्लोज्ड सर्टिफिकेट म्हणतात. अनुभव आला की ते शब्द काढून मिळतात, ते झालं ओपन, म्हणजे जमीन योग्य आहे का हे तुम्ही स्वतः ठरवायचं. क्लोज्डचा अर्थ दोन्ही बाजूंनी चुकीचा घेतला जातो. काहींना वाटतं की अर्जात दिलेलं एकच शेत आयुष्यभर, तसं नसतं, दुसरी कुठलीही जमीन चालते फक्त ती पोलिसांनी तपासलेली हवी. मग नवीन शेताची परवानगी मिळाली की लायसन्सिंग ऑफिसला नकाशा आणि ग्रिड रेफरन्स पाठवून विचारायचं की ही जमीन तुमच्या रेकॉर्डवर आहे का आणि कुठल्या कॅलिबरपर्यंत. हे "कुठल्या कॅलिबरपर्यंत" विसरू नका! .२२ ला पास झालेलं शेत .२४३ ला पास असेलच असं नाही. आणि जमीन शेजारच्या काउंटीच्या पोलिसांच्या हद्दीत असेल तर त्यांचं मत लागतं, तुमच्या ऑफिसचं नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे जमीन पास आहे ना, मग झालं. नाही झालं, शूटिंगचा हक्क वेगळा लागतो. इथे मी स्वतः अडकता अडकता वाचलो. एका शेतकऱ्यानं चहा पिता पिता तोंडी सांगितलं, ये की कधीही. मी खुशीत. नंतर कळलं की तो कुळानं शेत कसतोय आणि शूटिंगचे हक्क जमीनमालकानं एका ग्रुपला दिलेत. आता १८८० चा ग्राउंड गेम ॲक्ट म्हणतो की सशांवर कसणाऱ्याचा हक्क कुणीही काढून घेऊ शकत नाही, हे कुळाच्या बाजूनं आहे, पण त्याच कायद्यात असंही आहे की बंदुकीनं मारायला तो स्वतःशिवाय एकाच माणसाला परवानगी देऊ शकतो आणि ती लेखी हवी. त्यानं आधीच त्याच्या मेव्हण्याला चिठ्ठी दिलेली होती! म्हणजे माझ्या चहावरच्या परवानगीला काही किंमत नव्हती, मी तिकडे रायफल घेऊन गेलो असतो तर अट तर मोडलीच असती, वर बंदूक घेऊन घुसखोरी केल्याचा आरोप वेगळा. तेव्हापासून मी सरळ विचारतो, जमीन तुमची की कुळाची, शूटिंगचे हक्क कुणाकडे, आणि एका कागदावर तारीख, शेताच्या हद्दी, कुठले प्राणी हे लिहून सही घेतो. शेतकरी लोक याला वाईट वाटून घेत नाहीत, उलट माणूस नीट आहे असं म्हणतात.

आणि कागद कितीही पक्के असले तरी गोळीच्या मागे मातीचा बांध किंवा टेकाड हवं. .२२ ची गोळी मैलाच्या वर जाऊ शकते आणि कडक जमिनीवर, गोट्यावर आपटून वाट्टेल तिकडे उडते. आमच्याकडे सपाट जमीन आहे, त्यामुळे अर्ध्या शेतात मी जमिनीवर बसून आडवी गोळी मारतच नाही, ट्रेलरवर उभा राहून खालच्या दिशेनंच मारतो.

डबे उडवायला पण बंदी?

हो. तुमच्या अटीत वर्मिन आणि झिरो करणं एवढंच असेल तर रविवारी कुंपणावर कोकचे डबे लावून नेम धरणं त्यात बसत नाही. झिरो करणं म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीचा ठोका जुळवणं, कामासाठी. टार्गेट शूटिंगची आवड असेल तर मान्यताप्राप्त क्लबमध्ये जा आणि त्यासाठीची अट सर्टिफिकेटवर जोडून घ्या.

गोळ्यांचे दोन आकडे

सर्टिफिकेटवर गोळ्यांसाठी दोन वेगळे आकडे असतात, एका वेळी जवळ किती ठेवायच्या आणि एका वेळी किती विकत घ्यायच्या. समजा ठेवायला ६०० आणि घ्यायला ५००. घरात १८० शिल्लक असताना ५०० चं खोकं आणलं की ६८० झाल्या, म्हणजे दुकानात सगळं नियमात आणि घरी पोचल्यावर गुन्हा. दुकानदार घरातली शिल्लक मोजायला येत नाही, निघायच्या आधी तुम्हीच मोजा.

आणि खिसे तपासा. पहिल्याच महिन्यात आमच्या वॉशिंग मशीनमधून टक टक आवाज यायला लागला, बायकोला वाटलं पेनी राहिली असेल, काढून बघतो तर दोन .२२ च्या जिवंत गोळ्या, जॅकेटच्या खिशाला भोक पडून अस्तरात गेलेल्या. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले. आता शेतातून निघताना गाडीच्या बॉनेटवर सगळ्या गोळ्या मोजतो, गेलेल्या, राहिलेल्या, आणि डबीत बंद करूनच गाडी सुरू करतो.

चावी घरातल्यांना माहीत असणं

आपल्या घरांत ही चूक सगळ्यात जास्त होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे चावी म्हणजे घराची असते, एकट्याची नसते, देवघराच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर फ्रीजवरच्या वाटीत, आईला माहीत, बायकोला माहीत, पाहुण्यांनाही माहीत. इकडे ज्याच्याकडे त्या बंदुकीचं सर्टिफिकेट नाही त्याच्या हाती ती पडता कामा नये अशी अटच आहे. म्हणजे चावी कुठे आहे हे बायकोला माहीत असणं हासुद्धा अटीचा भंग धरला जाऊ शकतो, तिच्यावर तुमचा कितीही विश्वास असो. पोलिसांचा माणूस घरी पाहणीला आला की बंदुकीचं कपाट भिंतीत नीट बोल्ट केलंय का, बीएस ७५५८ स्टँडर्डचं आहे का ते बघतोच, पण गप्पा मारता मारता घरच्यांना हळूच विचारतो की चावी कुठे असते. याचं खरं उत्तर "मला माहीत नाही" हेच असायला हवं. मी छोटी कॉम्बिनेशनची तिजोरी घेतली, चावी तिच्यात, नंबर फक्त माझ्या डोक्यात, आणि नंबर लग्नाची तारीख नाही की मुलीचा वाढदिवस नाही.

दिवाळीला पाच आठवडे पुण्याला जाताना चावी शेजाऱ्याकडे, भावाकडे ठेवायची नाही हे ओघानं आलंच. रजिस्टर्ड फायरआर्म्स डीलरकडे थोड्या पैशात बंदूक ठेवता येते, मोठ्या सुट्टीत मी तेच करतो, विमानात झोप लागते.

बाकीच्या बारीक गोष्टी पटकन सांगतो. सर्टिफिकेट आलं की लगेच शाईनं सही करा, तीही अट आहे. बंदूक विकत घेतल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचं, दुकानदार कळवतो तरी तुम्हीही कळवायचं, दोघांचीही जबाबदारी असते. सर्टिफिकेटवर चढवलेला सिरीयल नंबर दुकानातच बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघा, एका आकड्याची चूक निस्तरायला महिना जातो. एका रायफलची परवानगी असेल तर एकच घ्या, ती विकून दुसऱ्या कॅलिबरची घ्यायची असेल तर आधी व्हेरिएशन, म्हणजे सर्टिफिकेटमध्ये तसा बदल, करून घ्या. बंदूक किंवा सर्टिफिकेट चोरीला गेलं, हरवलं तर लगेच, जास्तीत जास्त सात दिवसांत कळवायचं. घर बदललं तरी उशीर न करता कळवायचं. शेतावरून येताना दूध आणायला सुपरमार्केटला थांबून रायफल पार्किंगमधल्या गाडीत सोडणं, हे तर नकोच.

अटीतला एखादा शब्द कळला नाही तर ऑफिसला ईमेल करा, फोनवर बोलणं झालं तरी मागाहून "आपलं असं बोलणं झालं, मी बरोबर समजलो ना" अशी दोन ओळींची ईमेल टाका आणि उत्तर प्रिंट करून सर्टिफिकेटसोबत ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं प्रश्न विचारला तर यांना काही येत नाही असं समजून सर्टिफिकेट काढून घेतील. मी पहिल्या वर्षात नऊ वेळा विचारलं असेल, एकदाही कुणी वाकडं बोललं नाही.

आणि एक वही ठेवा. तारीख, शेत, काय मारलं, किती गोळ्या गेल्या, मागे बांध कुठला होता. पाच वर्षांनी रिन्यूअलला किंवा त्याआधी ओपन करून मागताना "मी नियमित जातो" असं नुसतं म्हणण्यापेक्षा ती वही समोर ठेवता येते. माझी शंभर पानी वही गोळ्यांनी नाही, चिखलानं आणि चहाच्या डागांनी भरलीय, आणि जवळजवळ निम्म्या ओळींसमोर "गोळी मारली नाही, मागे बांध नव्हता" असं लिहिलंय. अर्जासोबत त्याच पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या, ओपन मिळालं.