दीर्घकाळच्या त्रासाचं कारण शोधताय? ॲलर्जीच्या संशयापोटी होणाऱ्या या चुका टाळा

महिनोन्‌महिने पोट फुगतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, थकवा जात नाही आणि नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल येतात. अशा वेळी संशय बहुधा खाण्यावर जातो, आणि तो खराही असू शकतो. घोटाळा होतो तो क्रमात. आधी पदार्थ बंद केले जातात, मग तपासणी होते आणि नोंद ठेवायची राहूनच जाते. खरं तर नोंद आधी, मग तपासणी, आणि पदार्थ बंद करणं सगळ्यात शेवटी.

तपासणीआधीच गहू सोडणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीमुळे होतं. सीलिॲक आजारात गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. तो ओळखण्यासाठी रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं मोजतात. ग्लुटेन सोडलं की ती हळूहळू कमी होतात, आतडंही भरून येऊ लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग पुन्हा तपासायचं तर किमान 6 आठवडे रोज एकाहून जास्त वेळच्या खाण्यात ग्लुटेन घ्यावं लागतं. बरं वाटू लागलेल्या माणसाला हे फार जड जातं. म्हणून गहू सोडायच्या आधीच रक्त द्या आणि सोबत एकूण आयजीएसुद्धा मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच कमी असतो, त्यांचा टीटीजी-आयजीए रिपोर्ट फसवा निघतो.

गहू सोडून बरं वाटलं म्हणजे ग्लुटेनच दोषी, असंही नाही. गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात, तीच कांद्या-लसणातही असतात. त्यांनी पोट फुगत असेल तर ग्लुटेन टाळून अर्धाच आराम मिळतो आणि माणूस उरलेल्या त्रासाचं कारण भलतीकडेच शोधत राहतो.

चुकीच्या टेस्टवर विसंबणं

शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या ‘फूड इनटॉलरन्स’ टेस्टमध्ये बहुधा आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडं मोजलेली असतात. तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, इतकाच त्यांचा अर्थ. म्हणून तर रोजच्या खाण्यातले पदार्थच त्या यादीत लाल रंगात दिसतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकॅडमीने 2008 मध्ये आणि कॅनडातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2012 मध्ये निदानासाठी ही टेस्ट वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडं तपासणारी टेस्ट खऱ्या उपयोगाची, पण तीही सरसकट करू नये. ती त्वचेवर किंवा रक्तात करतात. त्वचेवर पदार्थाचा थेंब ठेवून टोचण्याच्या स्किन प्रिक टेस्टमध्ये 15 ते 20 मिनिटांनी उठलेली गांधी निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (पदार्थ नसलेल्या साध्या थेंबाच्या जागेपेक्षा) किमान 3 मिमी मोठी असेल तर ती पॉझिटिव्ह धरतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या पदार्थाबाबत संवेदनशील झालंय, इतकंच. खाल्ल्यावर त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. त्यामुळे नोंदीत ज्यावर संशय आला तेवढेच पदार्थ तपासा. सेटिरिझिनसारखी अँटीहिस्टामिन गोळी चालू असेल तर गांधी उठतच नाही, म्हणून ती डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते. रक्तातल्या आयजीई टेस्टला ही अडचण नाही.

वेळ न टिपणं

आयजीईमुळे होणारी ॲलर्जी सहसा काही मिनिटांत ते 2 तासांत दिसते. लाल मांसाची अल्फा-गॅल ॲलर्जी हा ठळक अपवाद, तिला 3 ते 6 तास लागतात. दुसऱ्या दिवशी फुगणाऱ्या पोटामागे बहुतेकदा दुसरंच काही असतं. खाण्यात काहीही न बदलता 2 आठवडे अशी नोंद ठेवा:

*रात्री 8:10 – ब्रेड 2 स्लाइस, अंडं 1. 8:30 – आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ. 9:15 – मानेवर गांधी, खाज 6/10. 11:00 – गांधी गेल्या.*

यातली गोळीची नोंद सोडू नका. वेदनाशामक गोळी, व्यायाम किंवा मद्य यांची जोड मिळाली तरच काहींना एरवी पचणारा पदार्थ बाधतो. त्यामुळे ‘कधी होतं, कधी नाही’ असं कोडं पडतं. झोप, शौच आणि मासिक पाळीही टिपा. एक मात्र ध्यानात असू द्या: 6 आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज गांधी उठत असतील, तर त्यामागे अन्न क्वचितच असतं.

सगळं एकदम बंद, आणि परत चालूच नाही

दूध, गहू, अंडी एकाच दिवशी सोडली तर फरक कशाने पडला ते कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच पदार्थ 2 ते 4 आठवडे पूर्ण बंद करा. पाकिटावर व्हे, केसीन अशा नावांनी लपलेलं दूधही त्यात धरा. या काळात नवं औषध किंवा प्रोबायोटिक सुरू करू नका. फरक पडला नाही तर पदार्थ परत खा. फरक पडला तरीही तो परत खाऊनच पडताळा, कारण पुरावा तिथेच मिळतो. दुधाचं उदाहरण घ्या: पहिल्या दिवशी 60 मिली, दुसऱ्या दिवशी 120, तिसऱ्या दिवशी 240 आणि मग 3 दिवस थांबा. लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅम, म्हणजे साधारण 240 मिली दुधातलं लॅक्टोज चालतं. आपली मर्यादा कळली की दूध कायमचं सोडायची गरज उरत नाही.

फक्त खाण्याकडेच बघणं

थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि चालू औषधं आधी तपासून घ्या. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, साखरमुक्त च्युइंगममधल्या सॉर्बिटॉलनेही होतात. केसांसाठीच्या गोळ्यांतलं जास्त मात्रेचं बायोटिन थायरॉईडचे आकडे बिघडवतं, ते घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा गिळताना अडकणं यांपैकी काही असेल, तर घरचे प्रयोग थांबवून थेट डॉक्टर गाठा.

घरी करू नये असा प्रयोग

पदार्थ खाल्ल्यावर पूर्वी घसा आवळला असेल, धाप लागली असेल किंवा चक्कर येऊन पडला असाल, तर तो पदार्थ घरी पुन्हा खाऊन बघू नका. एक्झिमा असलेल्या लहान मुलांचे पदार्थही परस्पर बंद करू नका. मोठ्या खंडानंतर तोच पदार्थ दिल्यावर काहींना तीव्र रिॲक्शन येते. अशी पडताळणी रुग्णालयात, देखरेखीखालीच व्हायला हवी. तरीही तीव्र रिॲक्शन आलीच तर पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनलिन. अँटीहिस्टामिनची गोळी देऊन वाट बघू नका. रुग्णाला आडवं ठेवा, चालवत नेऊ नका. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या. इंजेक्शनने आराम पडला तरी रुग्णालयात न्याच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात.