शाफ्ट जोडताना: गॅप आणि सॅग

जहाजाच्या इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा शाफ्ट सहसा एकसंध नसतो. फोर्ज केलेल्या पोलादाचे तुकडे फ्लँजला (टोकाच्या रुंद चकतीला) फ्लँज लावून, बोल्टनं जोडतात. ही जोडणी चुकली की शाफ्टला आधार देणारं बेअरिंग तापतं.

अंतिम माप जहाज तरंगत असतानाच घ्या. सुक्या गोदीत ठोकळ्यांवर बसलेला सांगाडा पाण्यात उतरला की थोडा वाकतो. मी तर पहाटेच गेज काढतो. ऊन चढून डेक तापला की आकडे बदलतात, मग उगाच स्वतःवरच शंका.

बोल्ट काढा, ड्रॉइंगप्रमाणे तात्पुरते टेकू द्या. आता दोन फ्लँजमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पाती, घाला. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. सुळकन गेली तर जाड पाती घ्या. वरच्या-खालच्या फटीतला फरक म्हणजे गॅप. एक फ्लँज दुसऱ्याच्या किती खाली लोंबतोय, तो सॅग.

नवशिक्यांना वाटतं, दोन्ही शून्य हवेत. नाही! शाफ्ट स्वतःच्या वजनानं झुकतोच. म्हणून भार सगळ्या बेअरिंगवर नीट वाटला जाईल असे आकडे आधीच गणित करून ठरवलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजत, बेअरिंग वरखाली करून तेच गाठायचे.

बोल्ट आवळल्यावर प्रत्येक बेअरिंगजवळ हायड्रॉलिक जॅकनं शाफ्ट उचलून भार तपासा. शाफ्ट किती उचलला ते दाखवणाऱ्या डायल गेजचा चुंबकी पाया मात्र पक्क्या जागी लावा. मी एकदा तो सुट्या फ्लोअर प्लेटवर ठेवला आणि अर्धा दिवस माझ्याच पावलांची हालचाल मोजत बसलो.