फुले वाड्यात मुलांना नेण्याआधी

सोसायटीतली आठ-दहा मुलं घेऊन पुण्यात गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात जायचं असेल, तर पाणी, टोप्या, खाऊ, आईबाबांचे फोन नंबर हे कुणी सांगायला नको. खरी तयारी करायची ती एकाच गोष्टीची. तिथे पोचल्यावर कोण काय सांगणार, हे आदल्या रात्री नावानिशी ठरवा. मागच्या खेपेला बाकी सगळं घेतलं आणि नेमकं हेच राहिलं. वाडा लहान आहे. सांगणारं कुणी नसेल तर मुलं भिंतीवरची चित्रं बघतात, अंगणात एक फेरी मारतात आणि थोड्याच वेळात 'आता कुठे?' विचारायला लागतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. शनिवारवाड्याचा दरवाजा बघूनच पोरं गप्प होतात, तसं इथे काही नाही. इथे कुणीतरी बोलावंच लागतं.

गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद, लावायला जागा नाही आणि अर्धा जीव गाडीतच अडकतो. मेट्रोने मंडई किंवा स्वारगेटला उतरा, पुढे रिक्षा. वाडा उघडा आहे ना, हे आधी विचारून घ्या.

तारीख बघून जा. ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी, १० मार्च या जोतीराव-सावित्रीबाईंच्या जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी लांबलांबून माणसं अभिवादनाला येतात. ती गर्दी मुलांनी एकदा जरूर बघावी, पण पहिल्या भेटीला नको. त्या दिवशी समाधीपाशी थांबून सांगणं शक्यच नसतं, आणि सांगायचं नसेल तर जायचं कशाला?

तर कोण काय सांगणार. ठरवा म्हणजे तोंडी नाही, कागदावर.

विहिरीपाशी एकाने पाण्याचं सांगावं. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुला केला. एवढं एक वाक्य म्हणून पुढे जाऊ नका. ज्यांना गावात पाण्याला शिवू देत नव्हते, ती माणसं या घरच्या पाण्यात आपली घागर बुडवत होती. मुलांना तिथे उभं करून विचारा, तुमच्या घरचा नळ असा कुणाकुणाला देणार? उत्तराची घाई करू नका.

समाधी मोठ्या मुलाकडे द्या, सातवी-आठवीतल्या. जोतीरावांनी जिवंतपणीच घरामागे खड्डा खणून घेतला होता. दहन नको, मिठात पुरा, अशी त्यांची इच्छा. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि राहत्या वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी नाकारली. १८७६ पासून काही वर्षं ते ज्या नगरपालिकेचे सदस्य होते, तिनेच! मग दहन झालं आणि अस्थी इथे आणल्या. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद निघाला, कारण यशवंत दत्तक मुलगा. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः उचललं आणि त्या पुढे चालल्या. १८९० साली, पुण्यात, एका बाईने. हे मुलीनेच सांगावं असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलं असतील तर टिटवं म्हणजे काय ते आधी घरी समजावून द्या, तिथे 'म्हणजे काय?' सुरू झालं की धागा तुटतो.

मारेकऱ्यांची गोष्ट सगळ्यात दंगेखोर मुलाला द्या, तो ती रंगवून सांगेल. १८५६ मध्ये जोतीरावांना मारायला दोघांना पाठवलं होतं. त्यातले धोंडीराम कुंभार पुढे त्यांचेच कार्यकर्ते झाले.

शेवटच्या आजाराचंही कुणाकडे तरी हवं. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहून पुरा केला. मुलांकडून तिथेच डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहून घ्या. वही-पेन्सिल न्या. प्लेगचं मात्र मोठ्या माणसाने सांगावं. मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाई त्याच साथीत १० मार्च १८९७ ला गेल्या. हे घाईत उरकू नका, फार जड गोष्ट आहे.

विषय वाटताना रडारड होईल, सगळ्यांना मारेकरीच हवे असतात. चिठ्ठ्या टाका. पण आदल्या रात्रीच. रिक्षात बसल्यावर ठरवू म्हणाल तर काही ठरत नाही.

फोटो शेवटी.

नंतर भिडे वाडा बघू म्हणून मुलांना आशा लावू नका. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली, ती बुधवार पेठेतली इमारत २०२३ मध्ये पाडली, तिथे स्मारक होतंय. मंडईवरून जाताना सांगा की ही बांधायला पैसा घालण्याला फुल्यांनी विरोध केला होता आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. बास, पुढे जेवण.

आणि एखादं मूल ऐनवेळी तापाने पडलं तर त्याचा विषय कुणाकडे, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.